साताऱ्यात उडवायला घरी बनवलेल्या क्वाडकॉप्टरला (चार पंख्यांचा ड्रोन, ४५०ची फ्रेम, गोप्रो कॅमेरा) टू-ॲक्सिस गिंबल, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणारा मोटरवाला स्टँड, घेऊ की थ्री-ॲक्सिस?

४५०ची फ्रेम (कर्णावरच्या दोन मोटरांत ४५० मिमी अंतर) आणि गोप्रो म्हणताय, तर सरळ थ्री-ॲक्सिस घ्या. टू-ॲक्सिस स्वस्त पडतो, पण तो फक्त रोल (डावी-उजवीकडे कलणं) आणि पिच (पुढे-मागे झुकणं) सांभाळतो. अजिंक्यताऱ्यावर वाऱ्याचा झोत आला की ड्रोनचं तोंड डावी-उजवीकडे वळतं, आणि टू-ॲक्सिस असेल तर ते हिसके व्हिडिओत जसेच्या तसे दिसतात.

गिंबल तुमच्याच कॅमेऱ्याच्या वजनासाठी बनवलेला हवा. कॅमेरा बसवल्यावर बॅटरी न जोडता तो हाताने कुठेही वळवून सोडा. तिथेच थांबला पाहिजे. खाली लोंबला तर मोटर तापणार. रबरी डॅम्पर (ड्रोनची थरथर शोषणारे गोळे) फार कडक नकोत, नाहीतर चित्र जेलीसारखं थरथरतं. (पंखेच बॅलन्स नसतील तर महागडा डॅम्परही काही करत नाही, हे दुकानदार सांगायचा नाही.) गिंबल पुढे आला तर ड्रोनचा तोल मध्यावर राहील इतकी बॅटरी मागे सरकवा.