दोन बॉडींची मेश जोडताना

भाऊ, रावेरकडच्या केळीच्या ठिबकसाठी व्हॉल्व्हचं सिम्युलेशन करतोयस, झकास! पण मेशआधी (मेश म्हणजे पाण्याची जागा छोट्या तुकड्यांत, म्हणजे सेलमध्ये, वाटणारी जाळी) भूमिती बघ; तिच्यातला प्रत्येक वेगळा आकार म्हणजे एक बॉडी. पाइपातलं आणि व्हॉल्व्हमधलं पाणी जिथे भिडतं तिथे एकच सामाईक पृष्ठभाग हवा. स्पेसक्लेममध्ये (भूमिती बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) ‘शेअर’ केलं की दोन्हीकडचे नोड, म्हणजे जाळीचे बिंदू, जुळतात. नवखे हेच विसरतात. शेअर नाही, इंटरफेसही (न जुळलेल्या दोन मेशमधली जोडणी) नाही. मग फ्लुएंट (प्रवाहाचं गणित करणारं सॉफ्टवेअर) तिथे भिंत धरतं, पाणी अडतं आणि आपण त्याच्या सॉल्व्हरला, म्हणजे गणित सोडवणाऱ्या भागाला, शिव्या घालत बसतो.

- केसाएवढी फटही नको, एकात एक घुसलेल्या बॉडी तर नकोतच.
- पुढे पंपाचा इम्पेलर (पाणी ढकलणारं फिरतं चक्र) फिरत्या मेशने करशील, तेव्हा मात्र शेअर नको, इंटरफेसच. दोन्ही बाजूंच्या सेल साधारण एकाच मापाच्या ठेव.

वाय-प्लस (भिंतीलगतच्या सेलच्या अंतराचं माप) वगैरे सध्या राहू दे. आधी आत आलेलं नि बाहेर गेलेलं पाणी जुळतंय का, तेवढं बघ.