वाचक विचारतात : तज्ज्ञांपैकी ऐकायचं कोणाचं?

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. तिच्या शाळेत एआय आणि शिक्षण या विषयावर एका पाहुण्यांचं व्याख्यान झालं. पुढे शिक्षकांची गरजच उरणार नाही, असं ते म्हणाले. त्याच आठवड्यात वर्तमानपत्रात दुसऱ्या एका तज्ज्ञांनी लिहिलं, की मुलांना यापासून लांब ठेवा. मुलगी मात्र रोज रात्री मोबाइलवर चॅटबॉटशी बोलत बसते. अभ्यासाचं विचारते, मैत्रिणीशी भांडण झालं तर तेही त्यालाच सांगते. ‘तो मला समजून घेतो,’ म्हणते. आम्ही ऐकायचं तरी कोणाचं?
– एक आई, बार्शी

उत्तर : ताई, तुमच्या मुलीचं वाक्य वाचलं आणि मला जोसेफ वायझेनबाउम आठवले. बर्लिनच्या ज्यू कुटुंबात जन्मलेला हा मुलगा हिटलरच्या राजवटीत, १९३६ साली, घरच्यांबरोबर अमेरिकेला गेला. पुढे एमआयटी या तिथल्या नामांकित तंत्रज्ञान विद्यापीठात प्राध्यापक झाला. १९६६ मध्ये त्यांनी ‘एलायझा’ नावाच्या प्रोग्रॅमवरचा लेख प्रसिद्ध केला. माणसानं टाइप करायचं आणि एलायझानं मानसोपचारतज्ज्ञासारखं उत्तर द्यायचं. आतली युक्ती अगदी साधी होती. समोरच्याच्या वाक्यातला एखादा शब्द पकडायचा आणि वाक्य उलटं फिरवून प्रश्न करायचा. ‘आई माझी काळजी घेते’ असं लिहिलं, की ‘घरात तुमची काळजी आणखी कोण घेतं?’ काहीच सापडलं नाही, तर ‘पुढे बोला’.

वायझेनबाउम यांच्या सेक्रेटरीनं हा प्रोग्रॅम तयार होताना महिनोन्‌महिने पाहिला होता. तरी एलायझाशी दोन-चार वाक्यं बोलून झाल्यावर तिनं त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं. बोलणं खासगी होतं ना! काही मानसोपचारतज्ज्ञ तर अशा प्रोग्रॅमकडून रुग्णांवर उपचार करता येतील, असं म्हणू लागले. यानं वायझेनबाउम हादरले. यंत्राला एखादं काम जमतं, एवढ्यावरून ते त्याच्याकडे सोपवावं असं होत नाही, हे सांगणारं पुस्तक त्यांनी १९७६ मध्ये लिहिलं. या क्षेत्राला ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ हे नाव देणारे जॉन मॅकार्थी त्या पुस्तकावर तुटून पडले. वायझेनबाउम मागे हटले नाहीत.

आजचे चॅटबॉट एलायझाच्या कितीतरी पुढे गेले आहेत. प्रचंड मजकुरावर शिकून ते पुढचा शब्द कोणता यावा हे ठरवतात, आणि खूपदा उत्तर बरोबरही देतात. पण ‘मला समजून घेतलं’ ही भावना तेव्हाही बोलणाऱ्याच्या मनात तयार होत होती, आजही तिथेच होते. म्हणून मुलीवर रागावू नका. मोबाइल काढून घेतलात, तर ती तेच लपून करील. भांडणाची गोष्ट घरात कोणाला सांगावीशी का वाटली नाही, हे तिला शांतपणे विचारा, आणि ती बोलायला लागली की मध्ये सल्ला देऊ नका. स्वतःचे फोटो, मैत्रिणींची नावं, घरचा पत्ता तिथे लिहायचा नाही, एवढं मात्र ठामपणे सांगा.

आता अभ्यासाचं. इथे मी सीमोर पेपर्ट यांचं ऐकते. मूळचे दक्षिण आफ्रिकेचे हे गणिती जिनिव्हाला बालमानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांच्याबरोबर काम करून एमआयटीत आले. १९६७ मध्ये वॉली फर्झाइग आणि सिंथिया सॉलोमन यांच्यासोबत त्यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा घडवली. संगणकानं मुलाला चालवायचं नाही, मुलानं संगणकाला चालवायचं, हा त्यांचा आग्रह होता. मी शाळेत संगणक शिकवत होते तेव्हा लोगोतलं कासव, म्हणजे आज्ञा देऊ तसं पडद्यावर चालत रेघ काढणारं चिन्ह, आमच्याकडेही होतं. त्रिकोण काढा म्हटलं, की मुलं कासवाला सांगायची : शंभर पावलं पुढे, ६० अंश उजवीकडे, असं तीनदा. त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा, हे पाठ होतं ना! पडद्यावर यायचा अर्धा षट्कोन. एक मुलगी उठली आणि दोन बाकांमधल्या जागेत स्वतःच कासवासारखी चालू लागली. कोपऱ्यावर वळताना थांबली आणि ओरडली, ‘बाई, मी ६० नाही, १२० वळतेय!’ बाह्यकोन मी फळ्यावर कितीदा शिकवला होता, पण तो तिला कळला तो त्या वळणावर.

तुमच्या मुलीला हे वळण मिळतंय का, तेवढं बघा. उत्तर आधी तिनं वहीत लिहावं, मग चॅटबॉटला विचारावं आणि दोन्हींत कुठे फरक पडला ते तुम्हाला समजावून सांगावं. शिक्षक लागणार नाहीत म्हणणाऱ्या पाहुण्यांना मी एकच विचारलं असतं : तुम्ही हे कोणत्या मुलांबरोबर, किती दिवस बसून पाहिलंत? वायझेनबाउम आणि पेपर्ट दोघांनीही आपण बनवलेल्या वस्तूसमोर माणसं बसवली आणि त्यांचं काय होतं ते पाहिलं. माझ्या लेखी तज्ज्ञ तो.

प्रश्न : आमची द्विशिक्षकी शाळा आहे. नेटवर्क येतं-जातं. वरून मात्र तंत्रज्ञान वापरा असा आग्रह. सुरुवात कुठून करू?
– जिल्हा परिषद शिक्षक, नंदुरबार

उत्तर : सर, सोलापूर जिल्ह्यातले शिक्षक रणजितसिंह डिसले यांचं नाव पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडमुळे गाजलं. २०२० चं ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळालं आणि दहा लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटली. पण माढा तालुक्यातल्या परितेवाडीला ते २००९ मध्ये गेले, तेव्हा गोठा आणि कोठार यांच्या मधे पडकी शाळा होती आणि पुस्तकाची भाषा अनेक मुलींची घरची भाषा नव्हती. त्यांनी आधी कन्नड शिकून घेतलं, पाठ मुलींच्या भाषेत आणले. कोड त्यानंतरचे. तुमच्या वर्गात भिली, पावरी बोलणारी मुलं असतील. गावातल्या एखाद्या आजीकडून पाठ्यपुस्तकातली गोष्ट त्यांच्या बोलीत सांगून घ्या, फोनवर रेकॉर्ड करा. त्याला नेटवर्क लागत नाही.

प्रश्न : जेफ्री हिंटन म्हणतात एआय धोकादायक आहे. विश्वास ठेवावा का?
– डिप्लोमाचा विद्यार्थी, अमरावती

उत्तर : आजच्या एआयचा पाया घालणाऱ्यांपैकी एक असलेल्या हिंटन यांनी मोकळेपणानं बोलता यावं म्हणून २०२३ मध्ये गूगल सोडलं. २०२४ मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्यासोबत संगणकशास्त्रातला २०१८ चा ट्यूरिंग पुरस्कार मिळालेले यान लकुन यांना मात्र ही भीती अवास्तव वाटते. पुढचं कोणीच पाहिलेलं नाही, म्हणून तुमच्या वयात मी आज मोजता येईल तिकडे वळले असते. जॉय बुओलामविनी आणि टिमनिट गेब्रू या संशोधकांनी २०१८ मध्ये चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ओळखणाऱ्या व्यावसायिक प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के, सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. तुम्हीही प्रोजेक्टला असंच काही घ्या. एकच मराठी उतारा वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलणाऱ्यांकडून, बोललेलं टाइप करणाऱ्या फोनसमोर वाचून घ्या आणि प्रत्येकाचे किती शब्द चुकीचे टाइप झाले ते मोजा. बायका आणि पुरुष वेगळे मोजा, म्हातारी माणसंही घ्या. तक्ता तयार झाला की आमच्याकडे पाठवा, आपण छापू.