प्रवासाने माणूस नम्र होतो का?

प्रवासाने दृष्टी बदलते, कृतज्ञता आणि नम्रता येते, हे खरं का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते खरं आहे, पण नुसतं लांब गेल्याने ते होत नाही. हॉटेलात आपण गिऱ्हाईक असतो. पैसे मोजले की हिशेब मिटला. जिथे पाहुणा म्हणून कुणाकडून काही घ्यावं लागतं आणि त्याची परतफेड करता येत नाही, तो प्रवास माणसाला बदलतो.

मला हे ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात कळलं. मी भांडुपची. मुंबईला रोज चार हजार दशलक्ष लिटरच्या आसपास पाणी मिळतं. मुंबईतल्याच विहार आणि तुळशी तलावांचं थोडं सोडलं, तर ते सगळं ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांतून येतं. तानसा तलाव १८९२ पासून आपल्याला पाणी देतोय, मोडकसागर १९५७ पासून, आणि निम्म्याच्या आसपास पाणी एकट्या भातसा धरणाचं. हे मी शाळेत पाठ केलं होतं.

मग एका मे महिन्यात मैत्रिणीच्या माहेरी गेले. कसारा लोकलने आटगाव, पुढे जीपने तिच्या पाड्यावर. धरणाचं पाणी खाली, वस्ती वर टेकडीवर. तिथे पाऊस धो धो पडतो, पण काळ्या कातळावरून वाहून जातो, आणि होळीनंतर विहिरी तळाला लागतात. टँकर आला की विहिरीत ओततात आणि बायका दोर-पोहरे घेऊन काठाभोवती दाटीने उभ्या राहतात. ते पाणी गढूळ असतं. घरी आणून लुगड्याच्या फडक्यातून गाळायचं आणि हंडा तसाच ठेवून निवळू द्यायचं.

आम्ही घरात शिरलो तशी मैत्रिणीच्या आईने त्या निवळलेल्या हंड्यातून तांब्या काठोकाठ भरला आणि माझ्या हातात दिला. "घे बाय, उन्हातनं आलीस." तोवर घरातलं कुणी प्यायलं नव्हतं. मी अर्धाच घेते म्हटलं, तर त्या नाराज झाल्या. पाहुण्याने पोटभर पाणी प्यावं, यात त्यांचा मान होता. मी सगळं प्यायले.

कृतज्ञता मनात कशी उतरते, हे मला तेव्हा समजलं. आपलं चाललंय ते आपल्या कष्टांवर, ही समजूत तिथे टिकत नाही. वारीला जाणारेही हेच सांगतात: वाटेवरच्या गावातली कुणी बाई "माउली, जेवून जा" म्हणते, तेव्हा मोठा साहेबसुद्धा तिच्यापुढे पंगतीला बसतो.

म्हणून तुम्हाला जायचंच असेल तर कुणाच्या तरी घरी जा, कुणी ओळखीचं नेत असेल तर. धबधब्यांच्या दिवसांत सगळेच जातात. तुम्ही एप्रिल-मेमध्ये जा. फोटो काढत फिरू नका, पाणी भरायला हात लावा. आणि जाताना आपलं पिण्याचं पाणी सोबत न्या, पण त्यांनी दिलेला तांब्या नाकारू नका.