प्रकाशाच्या पुढे पळायच्या आधी

प्रकाशापेक्षा वेगवान काही असू शकतं का, हे शिकायचंय ना? मग टॅकिऑनपासून, म्हणजे प्रकाशाहून वेगाने धावणाऱ्या कल्पित कणापासून, सुरुवात करू नकोस, बाबा. गणित देखणं आहे, १९६२ साली भौतिकशास्त्रज्ञ सुदर्शन आणि सहकाऱ्यांनी मांडलेलं. पण असा कण अजून कुणाला सापडलेला नाही.

आधी ‘वेग कशाचा?’ हे विचारायची सवय लाव. मिरामारच्या वाळूत उभं राहून चंद्रावर रोखलेला लेझर मनगटाच्या एका झटक्यात या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरवलास, तर तिथला ठिपका हिशेबाने प्रकाशालाही मागे टाकतो. पण ठिपका म्हणजे वस्तू नव्हे. एका कडेचा निरोप तो दुसरीकडे नेत नाही. पाण्यात इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या पुढे जातो, अणुभट्टीतली निळी झाक त्याचीच. मात्र तिथे प्रकाशच सेकंदाला सव्वादोन लाख किलोमीटरवर आलेला असतो. मर्यादा आहे ती निर्वातातल्या वेगाची.

२०११ चं ‘ऑपेरा’ या प्रयोगाचं प्रकरण बारकाईने वाच. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतून निघालेले न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण ७३० किलोमीटरवर प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद लवकर पोचलेले दिसले. जगभर बोंबाबोंब! निघालं काय, तर फायबर केबलची नीट न बसलेली जोडणी. तरी त्या मंडळींचं मला कौतुकच, आकडे लपवले नाहीत.

अल्कुबिएरेचा वार्प ड्राइव्ह, म्हणजे अवकाशच आकसून-ताणून प्रकाशाच्या पुढे जायची कल्पना, पावसाळ्यात बघू, नाहीतरी तेव्हा आभाळ दिसत नाही. तोवर आइन्स्टाइनची विशेष सापेक्षता पक्की कर.