चांगला समुपदेशक पहिल्या दोन-तीन भेटींत कसा ओळखायचा?

तुमचं बोलणं पुरतं ऐकून घेऊन, ते स्वतःच्या शब्दांत मांडून ‘मला नीट कळलं ना?’ असं जो विचारतो, तो समुपदेशक बहुधा चांगला असतो. ‘एवढं काय त्यात, सकारात्मक विचार करा’ हे पहिल्याच भेटीत ऐकायला मिळालं, तर खुशाल दुसरा शोधा. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ मध्ये समानुभूती (समोरच्याच्या जागी जाऊन त्याचं म्हणणं समजून घेणं), विनाअट स्वीकार आणि वागण्यातला खरेपणा या गोष्टींवर भर दिला होता. समुपदेशनाच्या शिक्षणात त्या आजही शिकवल्या जातात. खरेपणा मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण ‘हे माझ्या आवाक्यातलं नाही, मनोविकारतज्ज्ञांना भेटा’ असं सांगायला तोच लागतो.

एवढं मात्र विचाराच:
- शिक्षण काय? (‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणवत असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी हवी.)
- माझं बोलणं घरच्यांना सांगाल का, आणि कोणत्या परिस्थितीत?

पण जीव नकोसा वाटत असेल, तर पारखत बसू नका. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ वर आत्ताच फोन करा, ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं.