रोज प्रार्थना करूनही काही जाणवत नाही. येशू सोबत आहे हे ओळखायचं कसं?

तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य फार खटकलं: "मेळाव्यात सगळ्यांच्या अंगावर शहारे येतात, मला येत नाहीत, म्हणजे माझा विश्वास कमी आहे का?" नाही. आणि ज्यांनी हे तुमच्या डोक्यात भरवलंय त्यांच्याशी माझं जुनं भांडण आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या २४व्या अध्यायातले अम्माऊस गावाच्या वाटेवरचे दोघे शिष्य घ्या. गोष्ट पाठ असेलच, पण तिचा क्रम पाहा. यरुशलेमपासून गाव सुमारे ११ किलोमीटर, म्हणजे दोन-अडीच तासांची चाल. येशूला क्रुसावर मारलंय, आणि क्लयपा व त्याचा सोबती तोंड पाडून निघालेत, बाकीच्यांना मागे सोडून. "आम्हाला आशा होती" म्हणतात. 'होती', आता नाही. पुन्हा उठलेला येशू शेजारी चालतो, आधी त्यांनाच बोलू देतो, मग मोशेपासूनचं शास्त्र उलगडून सांगतो. तरी ओळख पटत नाही. गाव आल्यावर तो पुढे जायला निघतो; दिवस कलला, राहा, असा आग्रह हेच करतात. मग पाहुणा म्हणून बसलेला तोच भाकर घेतो, आशीर्वाद देतो, मोडतो आणि यांच्या हातात देतो. तिथे डोळे उघडतात, आणि तो दिसेनासा होतो. त्यानंतर हे एकमेकांना विचारतात, वाटेत तो बोलत होता तेव्हा आपलं अंतःकरण पेटलं होतं, नाही का?

पेटलं वाटेत, कळलं जेवताना. आणि कळल्याबरोबर उठून तेच ११ किलोमीटर माघारी, ज्यांना सोडून आले त्यांच्याकडे. उपस्थितीच्या दोनच खुणा मी धरतो: ती बहुधा मागे वळून पाहिल्यावर कळते, आणि ती माणसांकडे परत पाठवते. मत्तयच्या २५व्या अध्यायात तर भुकेल्याला जेवू घालणारे नीतिमानच विचारतात, प्रभू, आम्ही तुला केव्हा पाहिलं? सेवा करतानाही त्यांना पत्ता नव्हता.

मागे वळून पाहायची रीत येशूसंघियांचे (जेझुइट धर्मगुरूंच्या संघाचे) संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी घालून दिली आहे. मे १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला आणि हा शिपाईगडी घरी अंथरुणाला खिळला. शौर्यकथा हव्या होत्या, घरात मिळालं ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रं. एका उच्चकुलीन स्त्रीसाठी पराक्रम गाजवायची स्वप्नं रंगवताना त्याला मजा यायची, पण मागाहून मन कोरडं पडायचं. संत फ्रान्सिस, संत डॉमिनिक यांच्यासारखं जगावं असं मनात घोळलं, की ते विचार सरल्यावरही समाधान टिकायचं. मागे उरणारी ही चव हाच त्यांच्या सगळ्या शिकवणुकीचा पाया.

त्यावर उभी असलेली त्यांची रोजची उजळणी अशी. रात्री, पण अंथरुणात नाही. खुर्चीत ताठ बसून १२ ते १५ मिनिटं. आधी आजच्या दोन-तीन गोष्टींसाठी आभार, आणि त्या ठोस हव्यात; "सगळ्यासाठी धन्यवाद" चालणार नाही. मग पवित्र आत्म्याकडे उजेड मागा. मग उठल्यापासूनचा दिवस तासातासाने डोळ्यांपुढून न्या. निम्मा वेळ इथे जाऊ द्या. जिथे मन ओढलं गेलं किंवा आक्रसलं, तिथे थांबा. त्यानंतर चुकलं त्याची क्षमा, आणि शेवटी उद्याच्या एका अवघड प्रसंगासाठी बळ. वहीत एकच ओळ: वेळ, जागा, काय घडलं, मागे काय उरलं. उदाहरणार्थ, "सव्वासहा, आईच्या पायांना तेल, हात शांत होते." किंवा "दुपारी मीटिंगमध्ये जिंकलो, घरी येईपर्यंत कडू."

हे फसतं बहुतेक एकाच कारणाने: लोक आभार गाळून थेट पापांवर येतात आणि उजळणीचा पोलीस पंचनामा होतो. आठवड्याभरात वही बंद. दुसरी चूक म्हणजे एका दिवसावरून निकाल लावणं. तीन आठवड्यांच्या ओळी एकदम वाचा; तीच जागा, तेच माणूस पुन्हा पुन्हा येतं, तिथे लक्ष द्या. आणि कोरडेपणा आला तर आधी ठरवलेलं काही बदलू नका, हा इग्नेशियसचा कडक नियम आहे. कोरडेपणाची कारणं ते तीन देतात: आपला आळस, आपली परीक्षा, आणि समाधान ही आपली कमाई नसून देणगी आहे हे कळावं म्हणून. मेळाव्यांत फक्त पहिलं ऐकवतात! मदर तेरेसांची २००७ मध्ये प्रसिद्ध झालेली पत्रं वाचा. दशकानुदशकं आत अंधार होता, काम थांबलं नाही.

कॅथलिक असाल तर मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या भाकर-द्राक्षारसाच्या उपासनेत, "प्रभू तुमच्याबरोबर असो" हे चार वेळा येतं: सुरुवातीला, शुभवर्तमानाआधी, अर्पणानंतरच्या उपकारस्तुतीच्या प्रार्थनेआधी आणि शेवटच्या आशीर्वादाला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने) १९६३ मध्ये स्पष्ट लिहिलंय की ख्रिस्त धर्मगुरूत, साक्रामेंतांत (बाप्तिस्मा, मिस्सा अशा पवित्र संस्कारांत), वाचलेल्या वचनात आणि जमलेल्या लोकांत उपस्थित असतो. म्हणजे शेजारच्या बाकावर कुरकुरणाऱ्या आजोबांतही. प्रोटेस्टंट असाल तर हा परिच्छेद सोडा. उजळणी तुम्हालाही चालेल.

आता जरा आवरतं घेतो. शहारे खोटेच असतात असं माझं म्हणणं नाही. कुणाला येतात, येऊ देत. पापाचा सतत धसका घेणारा स्वभाव असेल तर क्षमेच्या टप्प्याला एका मिनिटाच्या वर देऊ नका. झोप, भूक, कामातला रस आठवडेच्या आठवडे गेला असेल तर तो कोरडेपणा समजून बसू नका, डॉक्टरांना दाखवा. फादरांशी बोलणं त्याच्या जोडीला.

पुढच्या मेळाव्यात साक्ष द्यायला उभं केलं तर वहीतली तेलाची ओळ वाचा आणि खाली बसा.