दुरुस्तीत पुसल्या गेलेल्या आठवणी आणि सहीसाठी पुढे केलेला कागद

प्रश्न : टीव्हीला जोडलेला आमचा घरचा कॉम्प्युटर पंख्याचा फार आवाज येतो म्हणून दुरुस्तीला दिला होता. त्यात ४ टीबीच्या दोन हार्ड डिस्क होत्या. एकीवर टाकलेले दुसरीवर आपोआप उतरत असे, म्हणून वेगळा बॅकअप कधी घेतला नाही. कॉम्प्युटर परत आला तो विंडोज नव्याने टाकून आणि दोन्ही डिस्क रिकाम्या होऊन. मिनीडीव्ही कॅसेटवरून उतरवलेले आमचे लग्न, मुलीचे बालपण, वारलेल्या वडिलांच्या आवाजातल्या गोष्टी, विकत घेतलेल्या डीव्हीडींच्या कॉपी, सगळे गेले. पावतीच्या मागे 'डेटाची जबाबदारी आमची नाही' असे छापलेले आहे. दुकानदार एक नवी डिस्क फुकट द्यायला तयार आहे, पण 'माझी कोणतीही तक्रार उरलेली नाही' अशा कागदावर सही मागतो. सही करू का? भरपाई मिळेल का? आणि यापुढे हे सगळे ठेवायचे कशावर?

उत्तर : ताई, सही करू नका. आणि त्याहून घाईचे म्हणजे तो कॉम्प्युटर आता चालूच करू नका. दोन्ही हार्ड डिस्क काढून बाजूला ठेवा. साध्या झटपट फॉर्मॅटमध्ये बहुधा फक्त फायलींची यादी पुसली जाते. खालचा मजकूर त्यावर नवे काही लिहिले जाईपर्यंत तसाच असतो. कॉम्प्युटर नुसता चालू राहिला तरी विंडोज काही ना काही लिहीत राहते, आणि तुमच्याकडे जे लिहिले जाईल ते दोन्ही डिस्कवर एकदमच. पूर्ण फॉर्मॅट केले असेल तर आशा उरत नाही, पण ते तज्ज्ञाने डिस्क पाहिल्याशिवाय ठरवू नका. 'बदलून देतो' म्हणून दुकानदाराने जुन्या डिस्क मागितल्या तरी देऊ नका. तुमच्या वडिलांचा आवाज त्यांवर आहे आणि तुमचा पुरावाही त्यांवरच आहे.

आता पावतीवरची ती ओळ. ती वाचून बरेच लोक तक्रारच सोडून देतात, आणि मला त्याचे फार वाईट वाटते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(११) मध्ये सेवेतील त्रुटीची व्याख्या आहे. ग्राहकाचे नुकसान करणारी निष्काळजी कृती तिच्यात येते, तशीच जाणूनबुजून दडवलेली माहितीही येते. तुम्ही पंख्याची तक्रार नोंदवली होती. पंखा दुरुस्त करायला डिस्क पुसावी लागत नाही. पुसायचीच होती तर आधी तुम्हाला विचारायला हवे होते. डिस्क काम करता करता आपोआप बंद पडली असती, तर त्या छापील ओळीला काही अर्थ होता. न सांगितलेले काम अंगावर घेऊन त्यात केलेल्या नुकसानीला ती ढाल पुरू नये, हा तुमचा मुख्य मुद्दा. शिवाय आपल्या ताब्यात सोपवलेली वस्तू माणूस, साधारण शहाणा माणूस स्वतःची वस्तू जपतो तितकीच जपून ठेवेल, अशी अपेक्षा १८७२ च्या करार कायद्याचे कलम १५१ करते.

एक बारीक गोष्ट. ती अट 'अन्यायकारक करार' म्हणून रद्द ठरवण्याचा अधिकार कायद्याने राज्य आणि राष्ट्रीय ग्राहक आयोगाला स्पष्ट शब्दांत दिला आहे. तुम्हाला तिकडे जायची गरज नाही. तक्रार सेवेतील त्रुटीची मांडा आणि जिल्हा ग्राहक आयोगातच दाखल करा. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात ती करता येते, दुकानाच्या गावाला जावे लागत नाही. मुदत घटनेपासून दोन वर्षे. दुरुस्तीसाठी दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर शुल्क नाही, आणि वकील न लावता स्वतः उभे राहता येते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा आणि दुकानदाराला स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा. नोटीस सक्तीची नाही, पण तिच्या उत्तरात समोरचा माणूस अनेकदा आपणहून बरेच कबूल करून बसतो.

पुराव्याचे बघा. पावतीची पुढची बाजू शोधून काढा, जिथे हाताने 'पंख्याचा आवाज' लिहिले असेल. मागच्या छापील ओळीपेक्षा ते दोन शब्द तुमच्या जास्त कामाचे आहेत. डिस्कच्या लेबलवरच्या अनुक्रमांकाचा फोटो काढा. डिस्क डेटा रिकव्हरी करणाऱ्या जाणकाराकडे द्या. तो आधी डिस्कची जशीच्या तशी प्रत काढतो आणि त्या प्रतीवर काम करतो. त्याच्याकडून लेखी अहवाल मागा : डिस्क बिघडलेली होती की धडधाकट असताना फॉर्मॅट झाली, आणि कोणत्या तारखेला. तारीख दुकानात असतानाची निघाली तर बाकीचा वाद फारसा उरत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत दोन भागांचे प्रमाणपत्र लागते. एक भाग तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलची हॅश किंमत (फाइलच्या मजकुरावरून निघणारा, बदल झाला की बदलणारा आकडा) येते. ग्राहक आयोग पुराव्याच्या बाबतीत दिवाणी न्यायालयाइतका काटेकोर नसतो, तरी जाणकाराकडून ते त्याच वेळी करून घ्या.

मागायचे काय? दुरुस्तीचे पैसे, रिकव्हरीचा खर्च, कॅसेट पुन्हा उतरवण्याचा खर्च, मानसिक त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च. वडिलांच्या आवाजाची किंमत कोणताही आयोग लावू शकत नाही, म्हणून पावत्या असलेला खर्च भक्कम मांडा. 'बॅकअप का ठेवला नाही?' हा प्रश्न तुम्हाला विचारला जाईल आणि त्याने भरपाई कमी होऊ शकते. त्याचे खरे उत्तर द्या : दोन डिस्क म्हणजेच बॅकअप असे तुम्हाला वाटत होते.

ते तसे नसते. अशी जोडी एक डिस्क मेली तर वाचवते. चुकून पुसले, व्हायरस आला, कोणी फॉर्मॅट केले, तर दोन्हीकडून एकाच क्षणी जाते. म्हणून यापुढे तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर. पण सगळ्याच गोष्टींच्या तीन प्रती नकोत. मिनीडीव्हीची तासाभराची कॅसेट साधारण १३ जीबी होते. तुमच्याकडे १४ कॅसेट असल्या तरी १८२ जीबी. वडिलांच्या गोष्टी आणि फोटो धरूनही १ टीबीची बाहेरची डिस्क पुरावी. (ती कॉम्प्युटरवर ९३१ जीबी दिसेल. त्यात फसवणूक नाही, मोजणीची पद्धत वेगळी आहे.) सिनेमे पुन्हा मिळतात, त्यांना एक प्रत बास. पुन्हा न मिळणाऱ्या गोष्टी मात्र कॉम्प्युटरच्या डिस्कवर, एका बाहेरच्या डिस्कवर आणि क्लाउडवर ठेवा. बाहेरची डिस्क कॉपी झाली की काढून ठेवायची, कायम जोडलेली राहू द्यायची नाही. एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) वर्षानुवर्षे विजेविना कपाटात ठेवण्यासाठी घेऊ नका. त्या कामाला साधी हार्ड डिस्क बरी. क्लाउडवर फोल्डर नुसते सिंक होत असेल तर इथले पुसलेले तिथूनही पुसले जाते, तेव्हा जुन्या आवृत्त्या ठेवण्याची सोय आहे का ते पाहा. करारही वाचा : गूगलचे वैयक्तिक खाते दोन वर्षे वापरलेच नाही तर ते मजकुरासकट काढून टाकले जाऊ शकते. आणि वर्षातून एकदा तरी बॅकअपमधली एखादी फाइल खरोखर उघडून पाहा.

वकील म्हणून माझा आग्रह एन्क्रिप्शनचा, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही असा मजकूर करून ठेवण्याचा. डिस्क वॉरंटीत बिघडली की सहसा ती कंपनीकडे पाठवावी लागते आणि बदल्यात दुसरी येते. वॉरंटी डिस्कची असते, आतल्या मजकुराची नाही. पहिल्या दिवसापासून डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर घरचे खासगी चित्रीकरण परक्याच्या हाती गेल्याची धास्ती राहत नाही. पासवर्ड मात्र कागदावर लिहून घरच्या महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवा, नाहीतर तुमच्या पश्चात मुलीलाच ते उघडता येणार नाही.

लग्नाच्या चित्रीकरणाबद्दल बिनधास्त राहा. पैसे देऊन ते करून घेतले असेल आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे पहिली मालकी करवून घेणाऱ्याची. चित्रीकरण करणाऱ्याकडे मूळ कॅसेट आहे का, आजच विचारा. विकत घेतलेल्या डीव्हीडींची घरच्या वापरापुरती प्रत करण्याला कलम ५२ मधल्या खासगी वापराच्या सवलतीचा आधार घेता येतो. ती प्रत वाटणे किंवा विकणे त्यात बसत नाही, आणि डीव्हीडीवरचे कॉपी रोखणारे कुलूप तोडण्याचा प्रश्न कलम ६५ए मध्ये वेगळा येतो. कुठून तरी उतरवलेले सिनेमे डिस्कवर असतील तर नुकसानीच्या यादीत ते घालू नका. तुमची खरी तक्रार त्याने डागाळते.

दुकानदार वाईट माणूस असेलच असे नाही, म्हणून त्याला एक संधी द्या. नवी डिस्क नको, रिकव्हरीचा खर्च तू उचल, असे त्याला लेखी कळवा. त्याने काही रक्कम दिली तर पावतीवर स्वतःच्या हाताने लिहा : 'रिकव्हरीच्या खर्चापोटी मिळाले, इतर नुकसानभरपाईचे सर्व हक्क राखून.' त्याखाली तारीख घाला आणि मगच सही करा.